आधी आवाज, मग हात

मुलांनो,

मागच्या आठवड्यात इरा फोनवर सांगत होती, की शाळेने त्यांना गायी दाखवायला नेलं होतं. गायी कुंपणाच्या आत, मुलं बाहेर, आणि कुंपणावर पाटी : हात लावू नये. मग तिने विचारलं, "आजी, तुला लहानपणी गायीची भीती वाटायची?" मी नाही म्हणाले. ते खरं आहे. पण त्याचं श्रेय सगुणाबाईंचं, आणि सगुणाबाई कोण हे तुम्हांला आजवर कुणीच सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडे आमचं गाव होतं. माझे वडील तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, शाळेत खडूसुद्धा मोडून मोडून वापरायचे. शाळेच्या कडेच्या खोलीत बिगारी भरायची. बिगारी म्हणजे पहिलीच्याही आधीचा वर्ग. त्या वर्गावर नगरहून सगुणाबाई आल्या.

त्या ख्रिस्ती होत्या. मिशनच्या शाळेत लहान मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलेल्या, तिशीच्या आतबाहेरच्या, उंच आणि काटकुळ्या. बारीक काठाचं पांढरं लुगडं, आणि हातात बारा महिने काळी छत्री. पावसाळ्यात ती उघडायची. एरवी मिटलेलीच असायची आणि तिने बाई फळ्यावरची अक्षरं, आभाळातल्या घारी आणि उशिरा आलेली मुलं दाखवायच्या. शाळेमागच्या खोलीत एकट्या राहायच्या. गावात कुणाच्या घरी पाणी मागितलं तर ते वरून ओतून मिळायचं. त्या ओंजळीने प्यायच्या, तोंड पुसायच्या आणि "बरं वाटलं" असं म्हणायच्या, अगदी प्रत्येक वेळी.

त्यांचा लाडका शब्द होता "पुढे?" कुठलंही उत्तर त्यांना पुरत नसे. एकदा डब्याच्या सुट्टीत ठकूच्या हातातली भाकरी त्यांनी वर धरली. ठकू माझ्या शेजारी बसायची. रावजीअण्णा शेतकऱ्याची मुलगी, बोलायला तिखट.

"ही कुठून आली?"

"आईनं थापली."

"पुढे?"

"जवारीची हाय."

"पुढे?"

"रानातून आली की!"

"रानात आपोआप?"

"आपोआप कशी यील? आधी नांगरट, मग कुळवनी, मग पेरायला पाभर. बैल न्हाई तर काय बाई, तुमी वढनार का पाभर?"

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. "मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून ज्यांना जमतं त्यांना भेटायला जाऊ. तुम्ही रोज त्यांचं खाता, आणि त्यांची नावंसुद्धा तुम्हांला माहीत नाहीत." मग ठकूसाठी वर्गाने शाबासकीची टाळी वाजवली. ही टाळी बाईंनी नगरहून आणलेली. कुणी चांगलं उत्तर दिलं, कुणी न पडता लंगडी घातली, की सगळ्यांनी एकदम, जोरात टाळी द्यायची. गावच्या शाळेत छडीचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, टाळीचा नव्हता. आम्हांला ती इतकी आवडली की आम्ही निमित्तच शोधत असायचो.

असा आमचा गोठ्याचा तास सुरू झाला. दर गुरुवारी दुपारी आम्ही रावजीअण्णांच्या वस्तीवर जायचो. त्यांच्याकडे कोश्या आणि हरण्या ही खिलारी बैलजोडी होती आणि तांबू नावाची गाय. कोश्या अंगाने मोठा, शिंगं मागे वळून वर गेलेली, आणि स्वभावाने तापट. हरण्या त्याच्या सावलीने चालणारा.

बाईंची पद्धत अशी. मुलांनी ओळीने बैलाच्या समोर, त्याला दिसेल असं उभं राहायचं. मग त्या एकेकाचं नाव घेऊन ओळख करून द्यायच्या, दोन मोठ्या माणसांची करून द्यावी तशी. "कोश्या, ही ठकू. ठकू, हा कोश्या." मग त्या मुलाने म्हणायचं, "राम राम, कोश्या." त्याच्यामागून सगळ्या वर्गाने, हळू आणि खालच्या आवाजात, "राम राम, कोश्या." त्यानंतरच हात पुढे करायचा, तळवा वर, आणि थांबायचं. बैलाने हुंगला, मान वळवली नाही, तर गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला खाजवायचं. "आधी आवाज, मग हात," त्या म्हणायच्या. "जनावर रागावत नाही. दचकतं. ते दचकलं तर चूक त्याची नसते."

रावजीअण्णा पहिल्या दिवशी गव्हाणीला टेकून हे बघत होते. त्यांना हसू आवरेना.

"बाई, तुमी किरिस्ताव. अन् बैलाला राम राम?"

"बैल तुमचा आहे ना? मग त्याच्याशी तुमच्या घरचंच बोलायला हवं."

"मंग आता त्याला इंग्रजी बी शिकवा. मोट त्योच हाकंल, मी निजतो."

"आधी मालकाला मुळाक्षरं येऊ देत, मग बैलाचं बघू."

अण्णांना हे फार आवडलं. पुढे ते गावात सांगत फिरले, की बाईनं आपल्याला बैलाच्या खालच्या वर्गात बसवलंय.

एक गोष्ट मात्र आमच्या हळूहळू लक्षात आली. बाई स्वतः गोठ्याच्या चौकटीच्या आत येत नसत. तिथेच उभ्या राहायच्या, छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरून. कोश्याने माशी उडवायला मान झटकली आणि गळ्यातली घंटा वाजली, की त्यांचे ओठ पांढरे व्हायचे. मग त्या पदराने तळहात पुसायच्या. गोठ्याच्या तासाला त्यांचे तळहात सारखे ओले असायचे. आम्ही पाहायचो आणि गप्प राहायचो. ठकू कशी गप्प राहील?

"बाई, तुमी भेता व्हय?"

शाळेतल्या दुसऱ्या कुठल्याही मास्तरांना असं विचारलं असतं तर काय झालं असतं हे आम्हांला ठाऊक होतं.

"हो," बाई म्हणाल्या. "भिते."

"आमच्या कोश्याला?"

"सगळ्यांनाच." त्यांनी पोलक्याची लांब बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत एक लांब, चकचकीत वण होता. "नगरला आमच्या बोळात एक सोडलेला वळू यायचा. मी तुमच्याएवढी होते. मागून गेले, आणि पळाले. मला कुणी त्याची ओळख करून दिली नव्हती, आणि त्याला माझी. म्हणून तुमची करून देते. माझी राहून गेली."

त्या दिवशी घरी मी हे आईला सांगितलं. आईला गोठ्याचा तास आधीच पसंत नव्हता. "डॉक्टरांच्या मुलीला शेणात पाय घालायला शाळेत पाठवलंय का?" ती म्हणाली. "आणि बाईच घाबरते, तर मुलांना कशाला नेते?" बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "म्हणूनच नेत असेल."

पण आईसारखं बोलणारे गावात बरेच होते. त्यांना कारण मिळालं ते वसंतामुळे. वसंता हा आमच्या हेडमास्तरांचा पुतण्या. एका गुरुवारी बाईंची पाठ वळली आणि त्याने तांबूची शेपटी ओढली. तांबूने लाथ झाडली. लागलं फार नाही, मांडी काळीनिळी झाली. बाबांनी लेप लावून सोडलं. पण संध्याकाळी, आम्ही अजून वर्गातच होतो तेव्हा, हेडमास्तर बिगारीच्या दारात उभे होते. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण शाळा चालवणाऱ्या बोर्डाला आणि गावाला दोघांनाही भीत असत.

"बाई, मुलांना मुळाक्षरं शिकवायला तुम्हांला नेमलंय. गुरं वळायला नाही."

"गुरं वळायला शिकवत नाही, सर. कुणाच्या कष्टावर जगतो ते दाखवते."

"ते त्यांचे आईबाप दाखवतील. आता नीट ऐका. यापुढे गोठ्याच्या तासाला एकालाही काही झालं, तर तास बंद, आणि तुमच्या बदलीसाठी मला लिहावं लागेल. पाथर्डीच्या बाजूला जागा रिकामी आहे."

पाथर्डीच्या बाजूला म्हणजे काय, हे आम्हां मुलांनाही कळत होतं. कोरडा मुलूख, पाऊस गेला की गावंच्या गावं पोटामागे बाहेर पडायची. तिथे बिगारीला मुलं टिकत नसत. बाई खाली बघत म्हणाल्या, "कळलं, सर." आणि पुढच्या गुरुवारी छत्री घेऊन आम्हांला पुन्हा घेऊन निघाल्या. फक्त आता त्या वाटेत बोलत नव्हत्या, आणि आम्ही किती आहोत ते सारखं मोजत होत्या.

माघ संपत आला होता. अण्णांच्या रानात गहू आणि कांदा होता, आणि मोट दिवसभर चालायची. त्या गुरुवारी बाईंनी आम्हांला मोट दाखवायला नेलं. तुम्ही मोट पाहिलेली नाही, म्हणून नीट सांगते. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून जाड दोर, त्याला नाडा म्हणतात. नाड्याच्या एका टोकाला विहिरीत सोडलेली कातड्याची मोठी मोट, दुसऱ्या टोकाला बैल. विहिरीपासून एक उतार खोदत नेलेला असतो, ती धाव. बैल धावेने खाली उतरतात तशी भरलेली मोट वर येते, आणि हाकणारा वजन पडावं म्हणून नाड्यावर बसून खाली येतो. मोट वर आली की पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी हौदात, ओतलं जातं. मग बैलांनी मागे न पाहता, नुसतं मागे सरत सरत धाव चढायची, विहिरीच्या काठापर्यंत. दिवसभर हेच. धावेच्या तळाशी दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या भिंती आणि समोरही भिंत. तिथे एकदा अडकलं की वाट फक्त वर, बैलांच्या बाजूने.

बाईंनी आम्हांला धावेच्या वरच्या कडेला, बाभळीखाली बसवलं. "इथून कुणी उठायचं नाही." ठकू मात्र पाण्याचा तांब्या घेऊन धावेच्या तळाशी गेली होती, बाप खाली आला की त्याला पाणी द्यायचं हे तिचं रोजचं काम. बाईंनी हाक मारली तशी ती खालून ओरडली, "बाई, आमची धाव हाय!"

अण्णा त्या दिवशी रंगात होते. वर्ग बघतोय म्हणून नाड्यावर ऐटीत बसले, मोटेवरचं गाणं म्हणत खाली आले. चाक करकरलं, मोट वर आली, आणि सगळं पाणी धाडकन थारोळ्यात कोसळून पाटात धावलं. उन्हात ते चांदीसारखं दिसलं. आम्हांला इतका आनंद झाला की कुणी न सांगता, सगळ्यांनी एकदम, जोरात, शाबासकीची टाळी वाजवली.

कोश्या दचकला.

त्याने सगळ्या ताकदीने पुढे उसळी घेतली. मोट वर चाकाशी अडलेली. नाड्याला पुढे जागाच नव्हती. नाडा बंदुकीसारखा आवाज करून तुटला. अण्णा पुढे फेकले गेले ते बैलांच्या पायांत. हरण्या गुडघ्यांवर पडला, त्याच्या मानेखालचा जोत्याचा पट्टा आवळला आणि त्याच्या घशातून घरघर येऊ लागली. जू तिरकं झालेलं, आणि त्याच जुवाला बांधलेला कोश्या डोळे पांढरे करून पाय झाडत होता. त्याचा प्रत्येक खूर अण्णांच्या डोक्याशेजारी पडत होता. आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून, कोश्याच्या शिंगांच्या टप्प्यात, ठकू उभी होती. तांब्या तिच्या हातातच होता.

कांद्याच्या वाफ्यातली माणसं ओरडत निघाली, पण ती लांब होती. ठकूने कोश्याच्या बाजूच्या फटीकडे पाहिलं. ती पळणार हे मला कळलं.

"ठकू, पळू नको!"

तो बाईंचा आवाज होता. त्या कडेवर उभ्या होत्या, छत्री छातीशी. धावेत उतरायला तिथून एक पायवाट होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, एक पाऊल उचललं, आणि ते तिथेच परत ठेवलं. मग त्यांनी डोळे क्षणभर मिटले, आणि उघडून, अगदी दर गुरुवारच्या आवाजात, हळू आणि खाली, म्हणाल्या :

"कोश्या, ही ठकू. ठकू, हा कोश्या."

आम्हांला काय करायचं ते सांगावं लागलं नाही. आम्ही म्हणालो, "राम राम, कोश्या." पहिल्यांदा निम्म्यांच्या तोंडातून आवाज फुटला नाही. बाईंनी पुन्हा ओळख करून दिली. आम्ही पुन्हा म्हणालो. वाफ्यातली माणसं ओरडत धावत येत होती आणि आम्ही बाभळीखाली उभं राहून एका बैलाला राम राम घालत होतो. पुन्हा. आणि पुन्हा. कोश्याचे कान हलले. एक कान आमच्याकडे वळला. पाय झाडणं थांबलं. नुसती कातडी थरथरत राहिली.

"ठकू," बाई म्हणाल्या, "आता तू."

"राम राम, कोश्या." इतका बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

"हात. तळवा वर. थांब."

ठकूने तांब्या खाली ठेवला आणि हात पुढे केला. कोश्याने फुरफुरून तो हुंगला. तिने त्याच्या पोळीवर हात ठेवला. तेव्हा खालून अण्णांचा आवाज आला, दात आवळून काढलेला. "ठके, त्याच्या भायेरची शिवळ उपस. हळू. मंग वेसन धरून वर ने."

शिवळ म्हणजे जुवाची खुंटी. तिने ती उपसली, जू एका अंगाला पडलं, आणि ती सहा वर्षांची मुलगी त्या डोंगराएवढ्या बैलाला वेसणीने धरून धाव चढून वर घेऊन आली. माणसं पोचली. त्यांनी हरण्याचा पट्टा कापला, अण्णांना बाहेर ओढलं. त्यांची नडगी मोडली होती. बाई आहेत तिथेच मातीत बसल्या, आणि आम्हांला मोजू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. अण्णांच्या पायाला बाबांनी फळ्या बांधल्या होत्या. ते खाटेवरून आले. हेडमास्तरांनी विचारलं, "काय झालं?"

"नाडा जुना हुता," अण्णा लगेच म्हणाले. "माझीच चूक. बदलाया पायजे हुता. बाईचा काय बी संबंध न्हाई. उलट बाई हुत्या म्हनून माझी पोर हाय."

लोकांनी माना हलवल्या. हेडमास्तरांचा चेहराही सैल झाला. त्यांनाही सुटका हवीच होती. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"नाडा नवा होता," त्या म्हणाल्या. "अण्णांनी दिवाळीत घोडेगावच्या बाजारातून आणला, तेव्हा मुलांना दाखवला होता. मुलांनी टाळी वाजवली, म्हणून बैल दचकले. टाळी मी शिकवली. आधी आवाज म्हणून सांगत राहिले, आणि कसला आवाज नको ते सांगायचं राहिलं."

"बाई, गप बसा की!" अण्णा कळवळून म्हणाले.

"कसं बसू? उद्या मुलांना वाटेल, कोश्या वाईट बैल आहे. तो वाईट नाही."

हेडमास्तरांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग म्हणाले, "आता माझ्या हातात काही राहिलं नाही, बाई."

फाल्गुनात त्यांची बदली पाथर्डीकडे झाली. सडकेपर्यंत जायला गाडी हवी होती. अण्णांनी खाटेवरून निरोप धाडला, की बाईंना आमचीच गाडी सोडेल. सकाळी शाळेपुढे गाडी उभी राहिली, कोश्या आणि हरण्या जुंपलेले, कासरा ठकूच्या चुलत्याच्या हातात. बाईंची ट्रंक आणि वळकटी चढवली. सगळी बिगारी भिंतीला रांगेने उभी होती. माझी आईही आली होती. तिने तांब्याभर पाणी आणलं होतं आणि तो तांब्या तिने तसाच बाईंच्या हातात दिला. बाई प्यायल्या, तोंड पुसलं, म्हणाल्या, "बरं वाटलं."

मग त्या गाडीकडे गेल्या, पण चढल्या नाहीत. वळसा घालून बैलांच्या समोर आल्या, त्यांना दिसेल अशा. छत्री त्यांनी ठकूच्या हातात दिली. छत्रीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या एकदम लहान दिसल्या.

"कोश्या," त्या म्हणाल्या. "कोश्या, मी सगुणा."

हात पुढे झाला. तळवा वर. तो घामाने इतका चमकत होता की आम्हांला भिंतीपासून दिसत होतं. कोश्याने मान पुढे केली. बाईंनी डोळे घट्ट मिटले, हात मागे घेतला नाही. कोश्याने हुंगलं, आणि मग आपल्या खरखरीत, काळपट जिभेने तो ओला, खारट तळवा मनगटापर्यंत सावकाश चाटून काढला.

आम्ही सगळे हात पाठीमागे बांधून उभे होतो. कुणीही टाळी वाजवली नाही.